फितुरीची किंमत

फेब्रुवारी २०२५ मधली गोष्ट. कारवारच्या नौदल तळाची माहिती बाहेर पुरवल्याच्या संशयावरून राष्ट्रीय तपास यंत्रणेने तिकडच्या दोघांना अटक केल्याची बातमी आली होती. वाङ्मय मंडळाची बैठक आटोपून आम्ही सहा-सात जण कँटीनमध्ये चहा घेत बसलो होतो. कुणीतरी मोबाइलवर बातमी वाचून दाखवली. समाजमाध्यमावर एका बाईशी ओळख, मग गप्पा, मग माहितीची मागणी आणि त्याबद्दल महिन्याला काही हजार रुपये, असं त्यात होतं.

"एवढ्याशा पैशांत देश विकला?" एक जण म्हणाला.

"एवढ्यात रूमचं भाडं पण भागत नाही. विकायचाच तर जरा बऱ्या भावात तरी विकायचा की!" दुसरा म्हणाला.

सगळे हसले. मीही हसलो. एक मैत्रीण तेवढी हसली नाही. तिचा थोरला भाऊ नौदलात आहे हे आम्हां सगळ्यांना माहीत होतं, पण त्या वेळी ते कुणाच्या डोक्यात आलं नाही. "दादाचं शिप तिथंच असतंय," एवढंच ती म्हणाली आणि अर्धा चहा तसाच ठेवून वर्गात गेली.

त्या दोघांचं काय करायचं ते न्यायालय ठरवील. गुन्हा सिद्ध होईपर्यंत ते आरोपी आहेत, त्यामुळे त्यांच्याबद्दल मला काही म्हणायचं नाही. मला लिहायचंय ते आमच्या हसण्याबद्दल. आम्ही का हसलो? 'देश विकला' हे शब्द ऐकताना आमच्या डोळ्यांसमोर कुणीच आलं नाही म्हणून. आला तो फक्त नकाशा. नकाशाचा एक तुकडा कुणी पाच-दहा हजारांना विकला, तर व्यवहार तोट्यात गेला म्हणून हसूच येणार. पण गुपित विकलं जातं तेव्हा नकाशा जागच्या जागीच राहतो. जातो तो कुणाचा तरी भाऊ. पैशासाठी केलेल्या फितुरीत विकला जातो तो माणूस, आणि विकणाऱ्याला तो माणूस दिसत नाही म्हणूनच त्याचा हात धजावतो, असं माझं मत आहे. त्यासाठी एक जुनं, पूर्ण उलगडलेलं प्रकरण सांगतो.

ऑल्ड्रिच एम्स हा अमेरिकेच्या सीआयए या गुप्तहेर संस्थेतला अधिकारी. त्याचे वडीलही याच संस्थेत होते. १९८५ साली तो सोव्हिएत संघाशी संबंधित हेरगिरीच्या विभागात महत्त्वाच्या खुर्चीवर होता. सोव्हिएत अधिकाऱ्यांपैकी कोण कोण छुपेपणाने अमेरिकेला माहिती देतं, ती नावं त्याच्या टेबलावर येत. आता एवढा मोठा अधिकारी देशाच्या विरोधात गेला म्हणजे काहीतरी तात्त्विक कारण असेल, असं वाटतं. तसं काही नव्हतं. पहिल्या लग्नाचा घटस्फोट चालू होता, दुसरं लग्न ठरलेलं होतं, दारू वाढली होती आणि कर्ज अंगावर आलं होतं. आपल्या गल्लीत दहा घरं सोडून अकराव्या घरात सापडेल अशी ती अडचण होती.

१६ एप्रिल १९८५ रोजी तो वॉशिंग्टनमधल्या सोव्हिएत वकिलातीत गेला आणि एक पाकीट देऊन आला. मागणी ५० हजार डॉलरची. त्याचा हिशेब मोठा मजेशीर होता. पहिल्या खेपेला त्याने जी दोन-तीन नावं दिली, ती त्याच्या मते सोव्हिएत बाजूनेच मुद्दाम पेरलेल्या लोकांची होती. म्हणजे त्यांचं त्यांनाच परत देऊन पैसे घ्यायचे, कर्ज फेडायचं आणि विषय संपवायचा. नुकसान कुणाचंच नाही! "एकदाच करतो, पुन्हा नाही," हे वाक्य किती ओळखीचं आहे बघा.

मे महिन्यात ५० हजार हातात पडले. पण विषय संपला नाही. त्याच महिन्याच्या २० तारखेला जॉन वॉकर नावाचा अमेरिकन नौदलातला निवृत्त अधिकारी पकडला गेला. हा गृहस्थ १९६७ पासून नौदलाची सांकेतिक गुपितं सोव्हिएत संघाला विकत होता. सुरुवात अशीच, धंद्यात बसलेल्या खोटीतून. पुढे त्याने आपला मित्र, आपला भाऊ आणि नौदलात लागलेला आपला मुलगा यांनाही या धंद्यात ओढलं. मुलीलाही ओढायचा प्रयत्न केला होता. शेवटी त्याच्या घटस्फोटित बायकोने एफबीआयला कळवलं. या अटकेने एम्स घाबरला. सोव्हिएत संघात अमेरिकेचे जे हेर आहेत त्यांना आपला सुगावा लागला आणि त्यांनी कळवलं तर? मग ते हेरच नाहीसे झालेले बरे. १३ जून रोजी जॉर्जटाउन भागातल्या एका हॉटेलात जेवताना त्याने कागदपत्रांनी भरलेली प्लास्टिकची पिशवी समोरच्या सोव्हिएत अधिकाऱ्याच्या हवाली केली. त्यात दहाहून अधिक माणसांची नावं होती. ऑफिसातून बाहेर पडताना त्याची पिशवी कुणी तपासलीही नाही.

आता त्या नावांकडे वळू. कारण एरवी ही गोष्ट सांगताना सगळे एम्सच्या जॅग्वार गाडीबद्दल बोलतात.

वलेरी मार्तिनोव हा वॉशिंग्टनमधल्या वकिलातीत असलेला केजीबीचा अधिकारी. त्याचं नाव एम्सने दिलं, आणि त्याच वर्षी एफबीआयमधल्या रॉबर्ट हॅन्सन यानेही दिलं. नोव्हेंबर १९८५ मध्ये मायदेशी परतणाऱ्या एका अधिकाऱ्याला सोबत म्हणून त्याला मॉस्कोच्या विमानात बसवण्यात आलं. विश्वासाचं काम म्हणून तो गेला. बायको-मुलं वॉशिंग्टनलाच होती. तो परत आला नाही. १९८७ साली त्याला मृत्युदंड देण्यात आला.

दुसरा माणूस दिमित्री पोल्याकोव. सोव्हिएत लष्करी गुप्तहेर खात्यातला हा अधिकारी पुढे जनरल झाला. १९७० च्या दशकात तो नवी दिल्लीतल्या सोव्हिएत वकिलातीत लष्करी प्रतिनिधी होता. आपल्या राजधानीतल्या समारंभांतून वावरलेला हा माणूस १९६१ पासून अमेरिकेला माहिती देत होता. पैशाच्या बाबतीत मात्र तो विचित्र होता. मोठ्या रकमा तो नाकारायचा. हत्यारं, मासेमारीचं सामान, शिकारीची बंदूक असल्या वस्तू घ्यायचा. अमेरिकेत पळून यायला तो कधीही तयार झाला नाही. त्याचं नावही दोनदा विकलं गेलं. १९७९ साली हॅन्सनने विकलं, १९८५ साली एम्सने. १९८६ साली त्याला अटक झाली आणि १९८८ साली मृत्युदंड.

अशी निदान दहा माणसं एम्सच्या यादीमुळे मारली गेली असं मानलं जातं. एकाच वाक्यात दहा माणसं लिहून मोकळं होता येतं, म्हणून मुद्दाम दोघांबद्दल सविस्तर लिहिलं.

इथे वाचणाऱ्याच्या मनात एक शंका येईल आणि ती रास्त आहे. मार्तिनोव आणि पोल्याकोव हेसुद्धा आपापल्या देशाचे फितूरच होते ना? मग एम्सने फितुरांना पकडून दिलं यात वाईट काय? एम्स स्वतःही पकडला गेल्यावर असंच काहीसं बोलत होता. हेरगिरी म्हणजे सगळा पोकळ खेळ आहे, त्यात उतरलेल्यांना धोका माहीत असतो, अशा अर्थाचं. मी या शंकेला सोपं उत्तर देणार नाही. सोव्हिएत कायद्याच्या दृष्टीने पोल्याकोव द्रोहीच होता, आणि त्याच्या हाताखालच्या एखाद्या सैनिकाच्या आईला तो नायक वाटेल अशी अपेक्षा आपण ठेवू शकत नाही. राजवटीवरचा राग म्हणून केलेला द्रोह योग्य की अयोग्य, यावर वर्गात तासभर वाद होऊ शकतो. पण एम्सच्या बाबतीत वादाला जागाच नाही. त्याला सोव्हिएत व्यवस्था चांगली वाटत नव्हती, अमेरिका वाईट वाटत नव्हती, आणि त्या दहा जणांशी त्याचं वैरही नव्हतं. प्रश्न एकच होता, किती मिळणार? जिथे हा एकच प्रश्न उरतो तिथे समोरचा माणूस वस्तू झालेला असतो.

मिळाले मात्र भरपूर. पुढच्या नऊ वर्षांत २५ लाख डॉलरहून अधिक. वर्षाला ७० हजार डॉलरसुद्धा पगार नसलेल्या या नोकरदाराने ५ लाख ४० हजार डॉलरचं घर रोख घेतलं. जॅग्वार गाडीतून तो ऑफिसला यायचा. बायकोच्या माहेरची इस्टेट, असं सांगितलं की सहकारी गप्प बसत. खोटं पकडणाऱ्या यंत्राची चाचणी तो १९८६ आणि १९९१ साली, दोन्ही वेळा उत्तीर्ण झाला.

त्याला शेवटी पकडलं ते वहीने. सँडी ग्राइम्स ही त्याच खात्यातली अधिकारी. तिला ते मारले गेलेले लोक कामानिमित्त ठाऊक होते, विशेषतः पोल्याकोव. १९९२ साली तिने एका बाजूला एम्सच्या त्या सोव्हिएत अधिकाऱ्याशी झालेल्या अधिकृत भेटींच्या तारखा मांडल्या आणि दुसऱ्या बाजूला त्याच्या बँकेतल्या भरण्याच्या. १७ मे १९८५ रोजी भेट, १८ मे रोजी ९ हजार डॉलर जमा. २ जुलै रोजी भेट, ५ जुलै रोजी ५ हजार जमा. ३१ जुलै रोजी भेट, त्याच दिवशी साडेआठ हजार जमा. १० हजारांच्या वर रोख भरली तर बँकेला कळवावं लागतं, म्हणून प्रत्येक आकडा त्याच्या खाली. २१ फेब्रुवारी १९९४ रोजी त्याला अटक झाली आणि पुढे जन्मठेप.

या शोधात मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते असं, की ज्यांनी चिकाटी सोडली नाही त्यांच्यासाठी ती नावं म्हणजे नुसत्या फायली नव्हत्या. त्यांना आपली माणसं कुठं गेली हे हवं होतं. विकणाऱ्याला जी माणसं दिसली नाहीत ती शोधणाऱ्यांना दिसत होती, इतकाच दोघांत फरक.

"हे सगळं अमेरिका-रशियाचं, आपल्याकडे कुठं असलं," असं कुणी म्हणू नये. जानेवारी १९८५ मध्ये, म्हणजे एम्सच्या तीनच महिने आधी, दिल्लीत कूमर नारायण प्रकरण उघडकीला आलं. एका खासगी कंपनीचा हा दिल्लीतला माणूस. पंतप्रधान कार्यालयापासून संरक्षण खात्यापर्यंतच्या स्वीय सहायकांकडून आणि कारकुनांकडून तो गोपनीय कागद मिळवायचा, त्यांच्या झेरॉक्स काढून परदेशी वकिलातींच्या लोकांना विकायचा. मोबदला काय, तर थोडे पैसे आणि दारूच्या बाटल्या. पंतप्रधानांचे प्रधान सचिव पी. सी. अलेक्झांडर यांचा त्यात काही हात नव्हता, पण आपल्या कार्यालयातला माणूस सापडला म्हणून त्यांनी राजीनामा दिला. हेच अलेक्झांडर पुढे महाराष्ट्राचे राज्यपाल झाले. खटल्याचा निकाल लागेपर्यंत २००२ साल उजाडलं. मुख्य आरोपी तोवर वारलाही होता.

त्या कारकुनांपैकी कुणी सकाळी उठून "आज मी देशद्रोह करणार" असं म्हणत घराबाहेर पडला असेल का? मला नाही वाटत. संध्याकाळी कागद न्यायचा, सकाळी जागेवर ठेवायचा. मूळ कागद तर ऑफिसातच आहे, मग गेलं काय? आजच्या मोबाइलच्या काळात हे आणखी सोपं झालंय. फोटो पाठवला तरी बंदर जागेवर, जहाज जागेवर. नोव्हेंबर २०२४ मध्ये गुजरातेत ओखा बंदरात काम करणाऱ्या एकाला पकडलं. तटरक्षक दलाच्या बोटींची माहिती दिवसाला २०० रुपयांवर पुरवल्याचा आरोप त्याच्यावर आहे. दोनशे रुपये. शासकीय गुपितांचा १९२३ चा कायदा संरक्षणाशी संबंधित गुन्ह्याला चौदा वर्षांपर्यंत शिक्षा सांगतो. पण कायद्याच्या भीतीने हे थांबेल असं मला वाटत नाही. एम्सला कायदा तोंडपाठ होता.

मी ख्रिस्ती नाही. पण या कॉलेजात तीन वर्षं काढल्यावर यहूदा इस्कर्योतची गोष्ट माहीत नाही असा विद्यार्थी सापडणार नाही. तीस रुप्यांसाठी त्याने आपल्या गुरूला धरून दिलं हे सगळ्यांना आठवतं. मत्तयाच्या शुभवर्तमानात त्यापुढे जे आहे, ते मात्र फारसं कुणी सांगत नाही. येशूला दोषी ठरवलेलं त्याने पाहिलं आणि मग ते रुपये त्याच्या हातात राहीनात. परत घ्या म्हणून तो याजकांकडे गेला. त्यांनी घेतले नाहीत, तेव्हा मंदिरात टाकून तो निघून गेला आणि त्याने गळफास घेतला. याजकांनीही ते पैसे खजिन्यात ठेवले नाहीत. त्या पैशांतून परक्यांना पुरण्यासाठी कुंभाराचं शेत विकत घेतलं. मला यात यहूदाची बाजू घ्यायची नाही. पण ज्याला विकलं तो माणूस डोळ्यांना दिसला, आणि त्या क्षणी रुपयांची किंमत शून्य झाली, एवढं तरी त्यातून कळतं. एम्सला मार्तिनोवची मुलं कधी दिसली नाहीत. म्हणून गाडी घेता आली.

न दिसण्याचा हा रोग फक्त विकणाऱ्याला होतो असंही नाही. तो आपल्यालाही होतो. फेब्रुवारी १९९४ मध्ये अमेरिकेत एम्स पकडला गेला, आणि त्याच वर्षी ३० नोव्हेंबरला केरळात इस्रोचे शास्त्रज्ञ नंबी नारायणन यांना अटक झाली. रॉकेटच्या इंजिनाची गुपितं परदेशाला विकल्याचा आरोप होता. पन्नासेक दिवस ते तुरुंगात होते. घरच्यांना लोकांचं काय काय ऐकून घ्यावं लागलं. १९९६ साली सीबीआयने आरोप खोटे असल्याचा अहवाल दिला. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांना ५० लाख रुपये भरपाई द्यायला सांगितलं. पुढच्या वर्षी पद्मभूषण मिळालं. मधली चोवीस वर्षं कुणी परत दिली नाहीत. खरा फितूर यंत्राची परीक्षा पास होऊन नऊ वर्षं मजेत हिंडला, आणि निर्दोष माणूस एका दिवसात देशद्रोही ठरला. आपल्याकडे तर 'सूर्याजी पिसाळ' हा शिक्का तयारच असतो. कुणावरही मारायचा. ग्रुपवर एखादी बातमी आली की पुरावा यायच्या आधी फाशी सुनावणारे आपण, तेव्हा आपल्यालाही समोरचा माणूस दिसत नसतो. मग कँटीनमध्ये हसलेले आम्ही आणि फोटो पाठवणारा यांच्यात अंतर वाटतं तेवढं मोठं राहत नाही.

बेळगावात हे लिहायला मला जास्त कारण आहे. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र आपल्या गावात आहे. आसपासच्या प्रत्येक खेड्यातून दोन-चार पोरं सैन्यात आहेत. आपल्या वर्गात हजेरी घेतली तर कुणाचा भाऊ, कुणाचा मामा, कुणाचे वडील निघतील. त्यामुळे "देशावर प्रेम करा" असलं काही मोठं मला सांगायचं नाही. मागणी एवढीच आहे, की कुणी अनोळखी माणूस गोड बोलून, पैसे देऊ करून, एखादा साधाच फोटो किंवा साधीच माहिती मागू लागला, तर त्या फोटोच्या पलीकडे कोण उभं आहे ते आठवा. नाव आठवलं तर हात आपोआप थांबेल.

दुसऱ्या दिवशी मी त्या मैत्रिणीची माफी मागितली. ती म्हणाली, "जाऊ दे रे." मग जरा वेळाने स्वतःच सांगू लागली. दादा सुट्टी संपवून निघतो तेव्हा जहाज कुठं जाणार हे घरात सांगत नाही. वडील एकदा विचारून बसले होते, तर त्याने हसून विषय बदलला. आता आई तर विचारतच नाही. डब्यात चकल्या भरून देते आणि "परत कधी येणार?" एवढंच विचारते. त्याचंही उत्तर तो देत नाही.